दुखण्याला किती गुण

४ मे, सोमवार

रोज लिहायची मला सवय नाही. पण आज रागाने हात शिवशिवतोय आणि माझ्या धाकट्या बहिणीला, उंबेलिनाला, मी बोललेलं निम्मंच ऐकू येतं, म्हणून हा राग कागदावर काढते.

गावचा दवाखाना बंद झाला. दर मंगळवारी वरच्या गावातून नर्सबाई यायच्या, रक्तदाब बघायच्या, घटकाभर बोलायच्या, जाताना चीज घेऊन जायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि सरकारने त्यांच्या जागी दारावर एक फोन नंबर चिकटवला. फोन करायचा. पलीकडे एक नर्स असते. ती प्रश्न विचारते आणि तुम्ही हॉस्पिटलात जायचं, डॉक्टरकडे जायचं की घरी बसून गरम पाणी प्यायचं, ते सांगते. माणूस न बघता.

मी उभा जन्म डेअरीत चीजची प्रतवारी केली. चाकाएवढ्या गोळ्याला हातोडीने ठोकायचं आणि आवाजावरून आतली भेग ओळखायची, कापायचं नाही. पण निदान चीज माझ्या समोर असायचं.

उंबेलिनाच्या खोकल्यासाठी फोन केला. खरं तर जाब विचारायला केला. खोकला आयताच हाताशी होता.

"मी नर्स नोएमिया. बोला." मुख्य भूमीवरचा आवाज, लिस्बनचा. अर्धे स्वर गिळून टाकणारा.

"मी लिओंतिना. साओ जॉर्ज बेटावरून. तुम्ही माझ्या बहिणीला बघणार कशा?"

"बघणार नाही. ऐकणार. बहीण जवळ आहे का?"

"जवळ आहे. तिला ऐकू येत नाही."

"मग मी तुम्हाला विचारते, तुम्ही तिला विचारा."

खोकला कधीपासून, कफ कसला, ताप आहे का, जेवते का, झोपते का. मी ओरडून विचारत होते, उंबेलिना मान हलवत होती. शेवटी नोएमियाने विचारलं, छातीत दुखतं का, आणि दुखत असेल तर दहापैकी किती. उंबेलिना म्हणाली, देवाच्या कृपेने शून्य. मध घ्या, वाफ घ्या, ताप आला तर पुन्हा फोन करा. एवढंच. हे मीही सांगितलं असतं.

आणि वर मलाच विचारते, "डोना लिओंतिना, तुम्हाला दम लागलाय का?"

"मी रागावले आहे."

"बरं. राग उतरल्यावर दम उतरतो का, तेवढं बघा."

उद्धट पोरगी.

७ मे, गुरुवार

मधाने खोकला कमी झाला. तसं कळवायला फोन केला. दुसरीच कुणी नर्स होती. मी म्हटलं, मला तुमच्याशी बोलायचं नाही, नोएमियाला द्या. ती म्हणाली, इथे असं मागून मिळत नाही. मी म्हटलं, मिळेल. मिळाली.

यंदा पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाच्या आधी त्याचा चांदीचा मुकुट आमच्या घरी येणार आहे, हे मी लिहिलंच नाही. सोडतीत आमचं नाव निघालं. इतकी वर्षं चिठ्ठी टाकतेय, एकदाही निघालं नव्हतं. मुकुट आठवडाभर आमच्या बैठकीत राहणार, संध्याकाळी सगळं गाव जपमाळेला येणार, आणि सणाच्या रविवारी गावाला सूप वाढायचं. गोमांसाचं, पावाच्या जाड कापांवर ओतायचं, वर पुदिना. आईची पद्धत. ती मला येते. उंबेलिनाला येत नाही, तिला मीठ किती टाकू हेसुद्धा विचारावं लागतं. गेल्या वर्षी एव्हारिस्तोच्या घरी सूप होतं. भांडी धुतलेल्या पाण्याला पुदिन्याचा वास यावा तसं लागलं. लोकांनी स्तुती केली, कारण लोक ख्रिस्ती आहेत.

आज माळ्यावरून मोठे हंडे उतरवले. डोकं इतकं हलकं झालंय की पोरीसारखं वाटतंय. जिन्यात दोनदा खाली बसले. नुसती हसत होते. उंबेलिना वरून विचारते, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, आनंद झालाय.

१० मे, रविवार

चर्चमधून येताना एव्हारिस्तो भेटला. बायको गेल्यापासून तो गावाची व्हॅन चालवतो आणि सगळ्यांच्या चौकशा करतो. मी चढावर थांबले होते.

"काय कोमाद्रे, माझी वाट बघताय?"

"समुद्र बघतेय."

"समुद्र मागे आहे."

त्याच्या मुलाची मी धर्ममाता आहे, म्हणून तो मला कोमाद्रे म्हणतो आणि मी त्याला एवढं बोलू देते. व्हॅनमध्ये बसा म्हणाला. मी बसले नाही. मिस्साभर हसून हसून जबडा दुखायला लागला होता आणि त्याच्याशी बोलायचं म्हणजे आणखी हसावं लागलं असतं. सगळ्या बायका येऊन अभिनंदन करत होत्या. मी कधी एवढी हसत नाही, स्नायूंना सवय नाही.

१२ मे, मंगळवार

आज नोएमियाने स्वतःहून फोन केला. तिच्या पद्धतीत तसं बसतं म्हणे, खोकल्याचं पुढे काय झालं ते विचारायचं असतं. उंबेलिनाचं दोन वाक्यांत झालं. मग म्हणाली, "तुमच्या गावाबद्दल मला एक कळत नाहीये. तुमच्याकडचे लोक फोन करतात, आणि दुखणं विचारलं की सगळे दोन सांगतात. परवा एका बाईचा खुबा मोडला होता. दोन."

"आल्बेर्तिना," मी म्हटलं. "तिला वळण आहे."

"वळण म्हणजे?"

आता हे मुख्य भूमीवरच्या पोरीला कोण शिकवणार. मी शिकवलं. आम्ही सगळ्या मदर पेर्पेतुआंच्या हाताखालून गेलो. मी तर त्यांच्या वसतिगृहात राहिले, बाकीच्या निदान प्रभुभोजनाच्या तयारीला त्यांच्याकडे जायच्या. मदरचं सांगणं असं की, दहा म्हणजे क्रुसावरचा प्रभू. नऊ म्हणजे क्रुसाखाली उभी असलेली आई. आठ आणि सात हुतात्म्यांचे, त्यांना भाजलं, सोललं. सहा बाळंतिणीचे. उरलेल्यात आपण बसायचं, आणि कुणाला तरी आपल्याहून जास्त दुखत असणारच म्हणून वरचा गुण त्याच्यासाठी सोडायचा. मी चीजलासुद्धा कधी पूर्ण गुण दिले नाहीत.

ती खूप हसली. तिचं हसू चांगलं आहे, स्वर गिळत नाही. मला वाटतं मीही हसले, कारण नंतर श्वास परत यायला बराच वेळ लागला.

"तुमचं स्वतःचं सगळ्यात जास्त कधी दुखलं?"

"मनगट मोडलं तेव्हा. गोदामात चीजची फळी अंगावर आली. हाड बाहेर दिसत होतं."

"किती?"

"दोन."

पलीकडे पेन खरडल्याचा आवाज आला.

"मी इथे सगळ्यांना सांगते," ती म्हणाली.

सांगू दे. मदर पेर्पेतुआंची शिकवण लिस्बनपर्यंत पोचली तर बरंच आहे.

१५ मे, शुक्रवार

तिने प्रश्न बदललाय. आता गुण विचारतच नाही. "काल करत होतात आणि आज केलं नाहीत, असं काय आहे?" हा वैद्यकीय प्रश्न आहे का? मी सूपसाठी फोन केला होता, म्हणजे एवढ्या म्हाताऱ्या माणसांना मीठ किती चालतं ते विचारायला. आणि ही माझ्या घरकामाची झडती घेते.

मी म्हटलं, कपडे दोरीवर घातले नाहीत, बादलीतच राहिलेत. हात वर केला की भरून येतो. हंडे घासून कुणाचेही भरतील.

"दोन्ही हात?"

"डावा. मी डावखुरी नाही, हे मला माहीत आहे, तुम्ही सांगू नका."

"झोपताना उशा किती घेता?"

"तीन. आडवं पडलं की हसू येतं." ते खरं नव्हतं. आडवं पडलं की पाण्यात पडल्यासारखं होतं. पण ते कसं सांगणार.

मग तिचा आवाज बदलला. "तुम्ही आजच्या आज वरच्या गावात डॉक्टरकडे जा. मी त्यांना फोन करून ठेवते. हृदयाचा आलेख काढायला हवा."

"रविवारनंतर."

"या रविवारनंतर?"

"पेन्टेकॉस्टनंतर. मुकुट घरात असताना मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. आणि सूप कोण करणार?"

"बहीण."

मी तिला समजावून सांगितलं की उंबेलिनाच्या हातचं सूप मुकुटासमोर ठेवणं हे पाप आहे. ती म्हणाली, तिला पापातलं कळत नाही, पण छातीत, जबड्यात किंवा हातात दुखलं, घाम फुटला, तर सूप, मुकुट, काही बघायचं नाही, लगेच फोन करायचा. ती मला हे पाठ म्हणायला लावत होती. मी म्हटलं. चांगलं म्हटलं, मदरपुढे म्हणायचो तसं.

डॉक्टरकडे गेले नाही. व्हॅनमध्ये बसून जायची माझी तयारी नव्हती.

१७ मे, रविवार

मुकुट आला. काय लिहू. बँड पुढे, मागे पोरी पांढऱ्या झग्यांत, आणि मुकुट उंबेलिनाने सजवलेल्या पायऱ्यांवर, मेणबत्त्यांमध्ये. आमच्या बैठकीत. तिथे कालपर्यंत इस्त्रीचे कपडे पडलेले असायचे.

जपमाळ झाल्यावर अंगणात व्हायोल, आमची तारांची गिटार, वाजली. सगळ्यांनी फेर धरला. एव्हारिस्तोने माझा हात ओढला.

"कोमाद्रे, आज नाही म्हणायचं नाही. मुकुट बघतोय."

"मुकुटाला तुझे पाय दिसले तर तो परत जाईल."

पण नाचले. देवा, नाचले. अंगण माझ्याभोवती फिरत होतं, मेणबत्त्या लांबट होत होत्या, माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मग कुणीतरी मला बाकावर बसवलं. मी हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आवाजच निघत नव्हता. सगळे म्हणाले, लिओंतिना प्यायली. मी थेंब घेतला नव्हता.

उंबेलिना माझ्यासमोर उकिडवी बसून माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती. तिला विनोद ऐकू आला नसेल.

२० मे, बुधवार

नोएमियाला फोन केला नाही. ती पुन्हा डॉक्टरचं काढणार. तीच करते रोज सकाळी, मी उंबेलिनाला सांगितलंय, मी बाहेर गेलेय म्हण. उंबेलिना फोनवर ओरडून सांगते, "ताई सांगते की ती बाहेर गेलीय."

उद्या मांस येणार. पुदिना ओल्या फडक्यात ठेवलाय. पायाचे घोटे सुजलेत, बूट शिरत नाहीत. बहुतेक नाचाने.

२१ मे, गुरुवार

मांस आलं. चांगलं आहे, चरबी पिवळी. चिरायला

२३ मे, शनिवार. तेर्सेरा बेट, हॉस्पिटल

उंबेलिनाने माझ्या रात्रीच्या झग्याबरोबर ही वहीही पिशवीत टाकली. वाचली असेल का? वाचली असेल तर तिला स्वतःच्या मिठाबद्दल कळलं असेल. बरं झालं.

चिरायला बसले होते. छातीवर कुणीतरी चीजची अख्खी फळी ठेवल्यासारखं झालं. जबडा, डावा हात. घाम इतका की सुरी हातातून निसटत होती. तेवढ्यात नोएमियाचा रोजचा फोन. उंबेलिना हंड्यापाशी होती, म्हणून मीच उचलला. म्हणणार होते की मी बाहेर गेलेय.

तिने नमस्कारही घेतला नाही. "तुमचा श्वास मला ऐकू येतोय. काय होतंय?"

"थोडं दाबल्यासारखं."

"मनगट मोडलं तेव्हा दोन होतं. आता?"

मी विचार केला. खोटं बोलायची सवय नाही. "चार."

पलीकडे तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती दुसऱ्या कुणाला तरी म्हणाली, "साओ जॉर्जला ऍम्ब्युलन्स आणि हेलिकॉप्टर, आत्ता." मग मला: "खाली बसा. ऍस्पिरिनची ऍलर्जी आहे? पोटात कधी रक्तस्राव झालाय? नाही? मग घरात गोळी असेल ती चावा, गिळू नका, चावा."

"रविवारनंतर," मी म्हटलं.

"डोना लिओंतिना."

"रविवारी संध्याकाळी. वाढून झालं की मी स्वतः येते. मी शब्द देते."

"बहिणीला फोन द्या."

"तिला ऐकू येत नाही."

"स्पीकर लावा."

आणि ती ओरडली. मुख्य भूमीवरच्या लोकांना ओरडता येतं हे मला माहीत नव्हतं. "उंबेलिनाबाई, तुमच्या बहिणीला हृदयाचा झटका येतोय. ती दिसते कशी?"

उंबेलिनाने माझ्याकडे बघितलं. "राखेसारखी," ती म्हणाली. "रविवारपासून अशीच दिसतेय. मला कुणी विचारलंच नाही."

"तिला उठू देऊ नका. गोळी द्या. दार उघडं ठेवा."

मी म्हटलं, "काही झालेलं नाही. कोबी पाण्यात टाक."

तिने माझ्या हातातली सुरी काढून घेतली. "बस."

"कोबी..."

"गेला खड्ड्यात कोबी. बस म्हटलं ना, ताई."

जन्मात तिने मला असा हुकूम केला नव्हता. मी इतकी चकित झाले की बसले. तिने माझ्या तोंडात गोळी कोंबली, लहान मुलाला कोंबतात तशी, आणि माझा जबडा धरून म्हणाली, चाव. मग अंगणात जाऊन अशी हाक मारली की एव्हारिस्तो अर्धवट दाढी केलेला आला. आपण किती मोठ्याने बोलतो हे बहिऱ्या माणसाला कळत नाही. सगळं गाव आलं.

व्हॅनमध्ये मला आडवं होऊ दिलं नाही. एव्हारिस्तो वळणावळणाला म्हणत होता, "कोमाद्रे, शिव्या द्या, मला ऐकू येऊ दे." मी दिल्या. वरच्या गावात ऍम्ब्युलन्स, मग लष्कराचं हेलिकॉप्टर. आत एक सैनिक माझा हात धरून बसला होता. मी त्याला पुदिना कधी टाकायचा ते सांगत होते, त्याने लक्ष देऊन ऐकलं. खाली आमचं बेट इतकं चिंचोळं दिसलं की आपण सगळे त्यावरून पडत कसे नाही याचं मला हसू आलं, आणि हसले की दुखत होतं, तरी आवरेना.

इथल्या डॉक्टरने मनगटातून तार घालून हृदयाची नळी उघडली. माझ्या त्याच मनगटातून, जुनं हाड बघून तो जरा दचकला. म्हणतो, आणखी थोडा वेळ गेला असता तर उपयोग नव्हता. हे मला तो अशा आवाजात सांगतो जणू मी मुद्दाम केलं.

वॉर्डातल्या नर्सने विचारलं, दुखतं का, दहापैकी किती. मी म्हटलं, माझ्या मापाने दोन, तुमच्या मापाने सहा, जे सोयीचं असेल ते लिहा. शेजारच्या खाटेवर ग्रासिओझा बेटावरची एक बाई आहे. तिने शून्य सांगितलं, उशी दातांत धरून. मी त्या नर्सला परत बोलावलं.

२४ मे, रविवार. पेन्टेकॉस्ट

सकाळपासून कुणाशी बोलले नाही. आत्ता आमच्या अंगणात पाव मांडत असतील. कापं जाड हवीत. उंबेलिना पातळ कापते.

दुपारी फोन आला. उंबेलिनाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून एव्हारिस्तो मध्ये उभा राहून इकडचं तिकडे ओरडत होता. मागे बँड वाजत होता.

"कोमाद्रे, हंडे रिकामे."

"लोकांनी सांडलं असेल."

"फादरनी तीनदा घेतलं. आल्बेर्तिना खुब्यावर टाके असताना आली, दोन ताटं घेऊन गेली. पुदिना जरा जास्त होता या वर्षी, पण लोकांना आवडला."

"जास्त? किती जास्त?"

"ती म्हणते, मूठभर. आईपेक्षा जास्त."

"तिला विचार, मीठ कुणी सांगितलं."

पलीकडे ओरडाआरडा. मग एव्हारिस्तो म्हणाला, "ती म्हणते, तिने चाखून बघितलं."

चाखून बघितलं. इतकी वर्षं मला विचारत होती.

संध्याकाळी नोएमियाचा फोन. ती कामावर नव्हती, घरून करत होती, मागे कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. "कसं वाटतंय?"

"संताप येतोय. सूप चांगलं झालं."

"आवाज छान आहे तुमचा," ती म्हणाली. "दम लागत नाहीये."

मी तिला सांगितलं की हेलिकॉप्टर वगैरे जरा जास्तच झालं. ती म्हणाली, हो, जास्तच झालं. मग तिने कुत्र्याला दटावलं, मी उशी सारखी केली, आणि फोन दोघींनीही ठेवला नाही. तिचं आडनाव मला माहीत नाही. विचारायला हवं होतं. उद्या विचारेन, अमुक एक औषध जेवणाआधी का नंतर ते विचारायचंच आहे.

२६ मे, मंगळवार

एव्हारिस्तोकडून कळलं. उंबेलिनाने पुढच्या वर्षीच्या सोडतीसाठी चिठ्ठी टाकलीय. घराचं नाव नाही, स्वतःचं. मला न विचारता.

डॉक्टर फेरीवर आले तेव्हा मी विचारलं, ही नळी किती दिवस उघडी राहील.

"काळजी घेतलीत तर पुष्कळ वर्षं."

"आणि मी घरी कधी जाणार?"

"बघू," ते म्हणाले.

मी म्हटलं, बघू नका, सांगा. तिकडे माझ्या बहिणीला वाटायला लागलंय की तिला स्वयंपाक येतो.